तेरा वर्षांची नोकरी आणि चाळीस मिनिटांची मुलाखत

वाचकाचे पत्र थोडक्यात असे:

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करणारे 38 वर्षांचे एक गृहस्थ लिहितात की, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ते तेरा वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून लागले आणि आज सीनिअर इंजिनिअर आहेत. विभागप्रमुख निवृत्त झाल्यावर तीन महिने त्या खुर्चीचे काम त्यांनीच पाहिले. पदासाठी अर्ज मागवले गेले, यांनीही अर्ज केला, चाळीस मिनिटे मुलाखत झाली आणि बाराव्या दिवशी कॅन्टीनच्या रांगेत उभे असताना सर्वांना एकदम आलेल्या मेलवरून त्यांना कळले की बाहेरच्या एका 31 वर्षांच्या पदवीधराची नेमणूक झाली आहे. साहेबांनी आधी एक शब्द सांगितला नव्हता. आता त्या नव्या प्रमुखाला काम समजावून देण्याची जबाबदारी यांच्यावरच आली आहे. बढती मिळणारच या खात्रीने आदल्या संध्याकाळी घेतलेला अर्धा किलो पेढ्यांचा पुडा अजून स्कूटरच्या डिकीत आहे. घरी त्यांनी ‘निकाल लांबला आहे’ असे सांगितले असून वडील रोज ‘ऑर्डर निघाली का?’ असे विचारतात. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून ते बाहेर पडले आहेत, रात्री झोप लागत नाही, कंपनीचे गेट जवळ आले की छातीत धडधडते. ते विचारतात: दिवाळीचा बोनस हातात पडला की राजीनामा द्यावा का? त्या माणसाला काम शिकवायलाच हवे का? आणि राबवून घेऊन कंपनीने तोंडाला पाने पुसली, तर ही तेरा वर्षे वायाच गेली म्हणायची ना?

सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. नव्या माणसाच्या पदवीबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत, त्याच्या पगाराबद्दल एक, आणि कॅन्टीनच्या रांगेबद्दल मात्र जवळजवळ पाऊण पान. ताटात भात वाढून झाला होता, आमटीसाठी ताट पुढे केले होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला, मेल वाचताना तुम्ही जागीच थांबलात आणि मागचा कंत्राटी मुलगा ‘सर, सरकता का पुढे?’ म्हणाला, त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. पद न मिळाल्याचे दुःख आहेच. पण ते ज्या रीतीने कळले, त्याने तुम्हाला अधिक लागले आहे असे मला दिसते, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. त्या सुट्या करायला हव्यात, कारण पहिलीवर उपाय व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतील, दुसरीवर तो येत्या आठवड्यात सुरू करता येईल.

हे सदर लिहू लागण्याआधी मी बावीस वर्षे कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत काढली आणि निवड समितीच्या टेबलामागे असंख्य वेळा बसले. बाहेरच्या उमेदवाराला नकार द्यायचा तर आम्ही रीतसर पत्र पाठवत असू. घरच्या उमेदवाराच्या बाबतीत मात्र ‘इथलाच तर आहे, कळेल त्याला’ असे म्हणून विषय संपत असे. एकदा टूलरूममधल्या एका जुन्या कर्मचाऱ्याला नकार कळवण्याचे काम माझ्याकडे होते. सोमवारी सांगू असे म्हणत मी शुक्रवारी घरी गेले आणि शनिवारी सकाळी सूचना फलकावर कागद लागला. ते गृहस्थ दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेले. जाताना सही करायला आले तेव्हा पदाबद्दल ते काही बोलले नाहीत. ‘मॅडम, त्या दिवशी तुम्ही तीनदा माझ्यासमोरून गेलात,’ एवढेच म्हणाले. हे मी तुमच्या साहेबांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. वरिष्ठ गप्प राहतात त्यामागे बहुधा अवघड बोलणे पुढे ढकलण्याचा साधा भित्रेपणा असतो, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. त्यांच्या गप्प राहण्यावरून तुम्ही तुमची किंमत ठरवली आहे, तिथे मात्र मी तुम्हाला थांबवीन.

तुमच्यासारख्यांचे मोजमाप कोणी केलेच नाही असे नाही. जे. आर. केलर आणि कॅथरिन ड्लुगोस या अभ्यासकांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीत पाच वर्षांत अंतर्गत पदांसाठी अर्ज करून नकार मिळालेल्या नऊ हजारांहून अधिक प्रसंगांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध केला. नाकारले गेलेले कर्मचारी इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रमाणात नोकरी सोडतात, असे त्यांना आढळले. पण त्यातही दोन भेद होते. ज्यांना त्या पदाच्या वरिष्ठाने निदान समोर बसवून मुलाखत घेतली होती, ते आधीच्याच टप्प्यावर गळलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रमाणात गेले. आणि ज्यांच्याऐवजी कंपनीतलाच सहकारी निवडला गेला, तेही बाहेरचा माणूस आल्यामुळे डावलल्या गेलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रमाणात गेले. अभ्यासकांचे म्हणणे असे की, माणूस मनात एकच हिशेब मांडत असतो: पुढे इथे मला संधी आहे की नाही? तुमचा हिशेबही तोच आहे. फक्त तो मांडायला लागणारे आकडे तुम्ही अजून कोणाकडे मागितलेले नाहीत.

छातीतल्या धडधडीचा उल्लेख तुम्ही ‘हे लिहायलाही लाज वाटते’ असे म्हणून केला आहे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात माणसाला झोपवून त्याला संगणकाच्या पडद्यावर तिघांत चेंडू टाकण्याचा खेळ खेळायला दिला, आणि थोड्या वेळाने उरलेल्या दोघांनी त्याच्याकडे चेंडू टाकणे बंद केले. ते ‘दोघे’ खरे खेळाडूही नव्हते. तरीही शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो त्याच्यात जागा झालेला दिसला. या दोन वेदना हुबेहूब एकच आहेत का, यावर पुढे बराच वाद झाला आहे, तो आपण बाजूला ठेवू. पडद्यावरच्या खोट्या चेंडूने जर इतके होत असेल, तर तेरा वर्षांच्या जागेवर ते व्हावे यात आश्चर्य नाही.

आता तुमच्याच कामातली एक गोष्ट. तुमच्या विभागात ‘रिजेक्शन’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. ड्रॉइंगवरच्या कोणत्या मापात आणि किती मायक्रॉनने पार्ट बाहेर गेला, हे टॅगवर लिहिल्याशिवाय तुम्ही तो लाल बिनमध्ये टाकू देत नाही; नुसते ‘खराब’ असे लिहिलेला टॅग तुम्ही ऑपरेटरच्या हातात परत ठेवाल. लाल बिनमधला पार्टही सरळ भंगारात जात नाही, रिवर्क होतो का, म्हणजे दुरुस्त करून वापरता येतो का, हे आधी पाहिले जाते. आणि निकालाविषयी शंका आली तर सगळ्यात आधी गेज, म्हणजे माप घेण्याचे साधनच, तपासला जातो. तोच पार्ट वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा मोजला तर माप किती हलते हे तुम्ही काढता. ही चूक 10 टक्क्यांच्या आत असली तर गेज चांगला, 30 च्या वर गेली तर तो वापरायचा नाही. हे मला तुमच्यासारख्याच एका क्वालिटीच्या माणसाने शिकवले होते. मग स्वतःच्या बाबतीत तुम्ही काय केले आहे पाहा. तीन माणसांनी, एकदाच, चाळीस मिनिटांत घेतलेल्या मापावरून तुम्ही तेरा वर्षांना लाल टॅग लावला आहे, आणि त्या टॅगवर फक्त ‘वाया गेली’ असे लिहिले आहे. कोणते माप, किती बाहेर, याचा पत्ता नाही.

मुलाखत हा फारसा भरवशाचा गेज नाही, हे टेबलापलीकडे बसलेली बाई म्हणून मी शपथेवर सांगेन. दुपारी अडीचच्या उमेदवाराचे बोलणे आम्ही जांभया आवरत ऐकले आहे. तरीही गेज सदोष आहे एवढ्यावरून माप चुकलेच असे होत नाही, आणि तुमच्या पत्रात तीन वाक्ये अशी आहेत, ज्यांपाशी माझी पेन्सिल थांबली.

पहिले वाक्य: ‘मुलाखतीत मी काय सांगणार, साहेबांना सगळे माहीतच होते.’ घरच्या उमेदवाराची ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तिचा रागही येत नाही. बाहेरचा माणूस येतो तो आपले काम आकड्यांत बांधून आणतो, कारण त्याला कोणी ओळखत नसते. घरचा माणूस ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केले’ असे म्हणून गप्प बसतो, कारण स्वतःच्या तोंडाने स्वतःचे सांगणे आपल्याकडे बरे मानले जात नाही. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुमच्या लाइनवरच्या ग्राहकाच्या तक्रारी वर्षाला 19 वरून 4 वर आल्याचा उल्लेख आहे. मला हे माहीत नसते तर चालले असते, पण त्या समितीला, विशेषतः मुख्य कार्यालयातून आलेल्या त्या तिसऱ्या सदस्याला, हे तुम्ही सांगितले होते का? त्या चार तक्रारींवर येण्यासाठी काय बदलले, कोणाला पटवावे लागले, किती खर्च वाचला? सांगितले नसेल, तर त्यांनी तुमचे काम नाकारले असे म्हणता येणार नाही. ते त्यांच्यासमोर आलेच नव्हते.

दुसरे वाक्य: ‘तीन महिने खुर्ची मीच सांभाळली, म्हणजे ती माझीच होती.’ असे तुम्हाला कोणी म्हणाले होते का? पत्रात तरी तसे काही नाही. त्याच परिच्छेदात तुम्ही लिहिले आहे की ग्राहकाबरोबरच्या मासिक बैठकीला मात्र त्या तीन महिन्यांत प्लँट हेड स्वतः जात होते. म्हणजे अहवाल, ऑडिटची तयारी, रोजच्या लाइनवरच्या अडचणी हे काम तुमच्याकडे आले आणि ग्राहकासमोर उभे राहून शिव्या खाण्याचे काम आले नाही. विभागप्रमुखाचा अर्धा दिवस त्यातच जातो. तुम्हाला त्या बैठकीपासून दूर ठेवले होते, की तुम्हीही ‘मला घेऊन चला’ असे कधी म्हटले नाही, याचे उत्तर तुमच्याकडे असेल. पुढचे पद म्हणजे आजच्याच कामाची वरची पायरी, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते वेगळेच काम असते.

तिसरे वाक्य: ‘पदवी नाही म्हणूनच.’ असेल. चाकण-भोसरी पट्ट्यात डिप्लोमा आणि डिग्री यांच्यात घातलेली पाचर खरी आहे, आणि वर्षानुवर्षे डिप्लोमावाल्याकडून काम करून घेऊन खुर्चीच्या वेळी डिग्री विचारणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. पण तुमच्या बाबतीत तसे झाले की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. तो तुमचा अंदाज आहे. अंदाजावर राजीनामा देऊ नये.

म्हणून पहिले काम म्हणजे साहेबांशी बोलणे, आणि ते लाइनवर, जिन्यात किंवा शिफ्ट सुटताना करू नका. अर्ध्या तासाची वेळ मेलवर मागून घ्या. बसल्यावर ‘मला का घेतले नाही?’ असे विचारू नका, कारण त्यावर समोरचा माणूस बचाव करू लागतो. ‘या पदासाठी माझ्यात नेमके काय कमी पडले?’ असे विचारा. त्यानंतर विचारा, ‘पुढच्या दीड-दोन वर्षांत असे पद निघाले, तर माझा विचार व्हावा म्हणून मी काय करून दाखवायला हवे, आणि पदवी नसणे हा इथे कायमचा अडसर आहे का?’ नव्या माणसाविषयी एक अक्षर नको. कॅन्टीनची गोष्ट मात्र जरूर सांगा, पण एका वाक्यात: ‘निर्णय मला मेलवरून कळला, तुमच्याकडून कळला असता तर बरे वाटले असते.’ एवढे बोलून थांबा. नंतरची शांतता भरून काढण्याची घाई करू नका. ती त्यांनी भरायची आहे.

उत्तर नेमके मिळाले, उदाहरणार्थ ‘ग्राहकासमोर तुम्ही बोलत नाही’ किंवा ‘माणसांच्या कामाचा हिशेब तुम्ही घेत नाही’, तर ते कितीही टोचले तरी तुमच्या टॅगवर अखेर एक माप आले असे समजा, आणि त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल पाठवून काय ठरले ते लेखी करून ठेवा. ‘अहो, पुढच्या वेळी बघू’ असे उत्तर आले, तर एक महिन्याने तोच प्रश्न पुन्हा विचारा; दुसऱ्यांदाही ‘बघू’ आले तर ते ‘नाही’ असे धरा. आणि ‘पदवीचे धोरणच आहे’ असे उत्तर मिळाले तर ते कटू असले तरी तीनही उत्तरांत तेच सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यानंतर या दारावर धडका देत बसण्याची गरज उरत नाही.

काम शिकवायचे का? शिकवा. मनातला विचार तुम्ही प्रामाणिकपणे लिहिला आहे, ‘गंमत बघत बसावे, येऊ दे ऑडिट’. अशी गंमत मी पाहिली आहे. ऑडिटमध्ये शेरा लागला की त्या प्रक्रियेच्या जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिले जाते, आणि तुमच्या लाइनसाठी ते तुमचे आहे. त्यातून चाकणचे जग लहान आहे. तुमच्या ग्राहकाचा, पुरवठादारांची गुणवत्ता तपासणारा माणूस आज तुमच्याकडे येतो, उद्या शेजारच्या कंपनीत जातो, आणि परवा तुम्ही तिथे अर्ज केलात तर तुमच्याविषयी त्यालाच विचारले जाते. व्हार्टन स्कूलचे मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 साली एका अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या नोंदींवरून दाखवले होते की, बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे 18 ते 20 टक्के अधिक पगार मिळतो आणि तरीही पहिली दोन वर्षे त्यांचे मूल्यमापन कमी भरते. बँक वेगळी, तुमचा कारखाना वेगळा. पण कोणते मशिन सोमवारी सकाळी त्रास देते आणि कोणता पुरवठादार महिनाअखेरीला माल सरमिसळ करून पाठवतो, हे 31 वर्षांच्या त्या मुलाला कोणत्याही पदवीने शिकवलेले नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुमच्या साहेबांनाही. तुमच्या हातातले वजन तेच आहे.

शिकवा, पण फुकट राबू नका, आणि हुतात्माही होऊ नका. हस्तांतराचे काम किती आठवड्यांचे, रोज किती वेळ, हे लेखी ठरवून घ्या आणि यंदाच्या तुमच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या जबाबदाऱ्यांच्या यादीत, त्याची नोंद करून घ्या, म्हणजे एप्रिलच्या वाढीच्या वेळी ते ‘मदत केली’ या दोन शब्दांत विरून जाणार नाही. ग्राहकाच्या मासिक बैठकीला नव्या प्रमुखाबरोबर आपणही बसू, असे याच वेळी मागा; आज ते सहज मिळेल, सहा महिन्यांनी मिळणार नाही. आणखी एक: त्या मुलाने तुमचे काही घेतलेले नाही. त्याने जाहिरात पाहून अर्ज केला. विभागातले वीस जण आता त्याच्याकडे नव्हे, तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असतील. व्हॉट्सअ‍ॅप गटात परत या आणि उशिरा का होईना, स्वागताची एक ओळ टाका. जड जाईल. टाका.

राजीनाम्याच्या विरोधात मी नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांत सर्वांत रास्त प्रश्न तोच आहे, फक्त तारीख चुकीची आहे. दिवाळीच्या बोनसची तारीख कंपनी ठरवते. तुमच्या जाण्याची तारीख दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर हातात आल्यावर ठरावी. आजपासून बाजारात चौकशी सुरू करा, अगदी साहेबांशी बोलणे चांगले झाले तरीही, कारण आपला भाव काय आहे हे कळल्यावर माणूस राहिला तरी ताठ मानेने राहतो. नोटिशीचा कालावधी तुमच्या नेमणूकपत्रात पाहून ठेवा. पाच वर्षांहून अधिक सलग सेवा झाल्यामुळे ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे: मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून समजा 30,000 रुपये असतील, तर 15 भागिले 26 या सूत्राने तेरा वर्षांचे 2,25,000 रुपये होतात. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नका, नव्या खात्याशी जोडून घ्या.

नव्या ठिकाणी मुलाखतीला जाण्याआधी मात्र आतला राग कुठेतरी ओतून जा. डलास इथल्या एका तंत्रज्ञान कंपनीतून कमी केलेल्या अनुभवी अभियंत्यांचा एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांचा. त्यांतल्या एका गटाला पाच दिवस रोज वीस मिनिटे, नोकरी गेल्याबद्दल मनात जे काही आहे ते कागदावर उतरवायला सांगितले. पुढच्या काही महिन्यांत त्या गटातल्या अधिक जणांना नोकरी मिळाली, आणि त्यांनी अर्ज काही इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. जुन्या कंपनीवरची जळफळ नव्या माणसांसमोर बाहेर पडली नाही, हे त्यामागचे एक कारण असावे असे मानले जाते. तुम्ही मला चार पाने लिहिलीत, म्हणजे एक दिवस झालाच. अजून चार दिवस लिहा, आणि ती पाने कोणाला पाठवू नका.

पदवीचा अडसर खरा निघाला तर 38 हे वय शिकण्यासाठी उशिराचे नाही, पण फसवणुकीसाठीही अगदी सोयीचे आहे. ‘घरबसल्या एका वर्षात बी.टेक.’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका; पत्राद्वारे मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्येच कडक निर्णय दिला आहे. याउलट, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023-24 पासून नोकरी करणाऱ्यांसाठी महाविद्यालयांना सोयीच्या वेळेचे स्वतंत्र वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, महाविद्यालय ठरवून दिलेल्या अंतराच्या आत असावे लागते, आणि डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तीन वर्षे संध्याकाळ जाईल. घरच्यांना विचारल्याशिवाय हे ठरवू नका.

सरकारी किंवा सरकारी बँकेच्या नोकरीत असलेल्या ज्या वाचकांनी गेल्या महिन्यात अशाच आशयाची पत्रे पाठवली, त्यांना इथेच सांगते की तुमच्या हातात आणखी एक साधन आहे. 2008 च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असे सांगितले, आणि 2009 पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना संपूर्ण वार्षिक अहवाल दाखवला जातो. त्यावर म्हणणे मांडायला पंधरा दिवस मिळतात. ते पंधरा दिवस रागात घालवू नका. स्वतःचे गुण आणि शेरे माहितीच्या अधिकारातूनही मागता येतात. निवडलेल्या सहकाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रे मिळणे अवघड असते, आणि खरे सांगायचे तर त्यांचा उपयोगही फारसा होत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतताच मागे टाकल्या गेलेल्या दोन भगिनींचा प्रश्न मात्र नकार पचवण्याचा नाही, हक्काचा आहे. त्यांना मी स्वतंत्र उत्तर देणार आहे.

आता घर. दोन आठवडे झोप नाही, ही गोष्ट अंगावर काढू नका. येत्या आठवड्यात फरक पडला नाही तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना धडधडीसकट सगळे सांगा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. पण माझा कयास असा आहे की तुमची अर्धी झोप कंपनीने घेतली असेल तर उरलेली अर्धी ‘निकाल लांबला आहे’ या वाक्याने घेतली आहे. रोज संध्याकाळी घराचा जिना चढताना तुम्ही ते वाक्य घोकता, असे तुम्हीच लिहिले आहे.

आज पत्नीला सांगा. वडिलांच्या आधी तिला, आणि मुले झोपल्यावर. पूर्ण सांगा, कॅन्टीनसकट. तिने राजीनाम्याला हो म्हणावे किंवा नाही म्हणावे यासाठी सांगू नका, नुसते सांगा. वडिलांना उद्या सकाळी चहाच्या वेळी, त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा: ‘बाबा, ऑर्डर निघाली, दुसऱ्याच्या नावाने निघाली.’ ते स्वतः कारखान्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालेले आहेत. असे कागद फलकावर लागताना त्यांनीही पाहिले असतील, कदाचित त्यांच्या बाबतीतही लागले असतील. तुम्ही कधी विचारले नसेल.

आणि तो पुडा डिकीतून काढा. पंधरा दिवसांत पेढे खाण्याजोगे राहिले नसतील. डिकी साबणाने धुऊन रात्रभर उघडी ठेवा, खव्याचा आंबूस वास लवकर जात नाही.